खपली पडेपर्यंत

आमच्या आत्या सुईला भ्यायल्या नाहीत, फोडणीला भ्यायल्या. एवढी साधी गोष्ट कळायला मला सव्वा महिना लागला, आणि मी पडले शाळामास्तरीण. तीस वर्षं पोरांना विज्ञान शिकवलं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

आत्या म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्या कोळवणच्या बाजूला सासूला आत्या म्हणायची रीत आहे. सगळं आयुष्य चुलीच्या धुरात गेलेलं, त्यामुळं छातीत कायमची घरघर, आणि थंडीत विहिरीपासून ओटीपर्यंत यायचं तर मधे दोनदा थांबायच्या. करोना पुण्यातून आमच्या खोऱ्यात शिरला तेव्हा मला घरात एकाच माणसाची धास्ती होती. पोरगा आणि सून महाळुंग्याला फ्लॅटमध्ये, तरणीताठी. मी आणि आमचे हे अजून धडधाकट. आत्यांना झालं तर त्यांची छाती ते सोसणार नाही, हे कुणा डॉक्टरनं सांगायची गरज नव्हती. म्हणून म्हाताऱ्या माणसांना लस मिळणार असं कळलं तेव्हा मी पहिलं नाव आत्यांचं लिहिलं.

त्या दिवसांत जो उठतो तो प्रतिकारशक्तीच्या मागं. आमच्या शेजारी शेत घेऊन बंगला बांधलेल्या पुण्याच्या एक ताई मला मोबाईलवर याद्या पाठवायच्या. लस घेण्याआधी हे खा, घेतल्यावर ते खा. किवी, ब्रोकोली, बदामाचं दूध, कसल्या तरी बियांची पूड. मीही येडी, त्या याद्या वहीत उतरवून घ्यायचे. किवी पौडला एसटी स्टँडाजवळच्या फळवाल्याकडं मिळाली. आत्यांनी ती हातात घेऊन उंदराच्या पिल्लागत चाचपली आणि गोठ्यात नेऊन म्हशीपुढं टाकली. म्हशीनंही खाल्ली नाही. काढ्याचं तर विचारू नका. दालचिनी, मिरी, सुंठ, लवंग, गुळवेल, हाताला लागेल ते उकळायचं आणि सगळ्यांच्या घशात ओतायचं. पी हळद नि हो गोरी, असला सगळा कारभार. आठ दिवसांत ह्यांच्या पोटात अशी आग पडली की म्हणाले, करोना परवडला पण तुझा काढा आवर.

आमच्या वाडीची आशाताई माझ्या त्या वहीला नुसती हसायची. आशाताई हे तिचं नाव नव्हे, काम. घरोघरी जाऊन बाळंतिणी बघायच्या, पोरांचे डोस बघायचे, औषधाच्या गोळ्या पोचवायच्या, असं ते दवाखान्याचं काम. ती माझीच विद्यार्थिनी. सातवीला विज्ञानात मी तिला काठावर पास केली होती, तेही तिच्या आईनं गयावया केली म्हणून. आता ती खांद्याला पिशवी लावून दारात यायची, मला 'बाई' म्हणून हाक मारायची आणि पहिला प्रश्न ठरलेला, 'आज काय खाल्लं?' ताप आहे का, खोकला आहे का, हे नंतर. बरं, तोंडी उत्तरावर तिचा विश्वास नाही. बोलता बोलता सरळ आत जाणार आणि चुलीवरच्या पातेल्याचं झाकण उचलून बघणार. पहिल्यांदा मला तो आगाऊपणा वाटला. मी तसं बोलूनही दाखवलं. 'माणसं खोटं बोलत्यात बाई, पातेलं न्हाई बोलत,' ती म्हणाली आणि झाकण परत ठेवून निघून गेली.

लसीचं शिबिर माझ्याच शाळेत भरलं. पोरं घरी, वर्ग रिकामे, बाकं भिंतीला लावलेली. सकाळी नऊपासून म्हातारी माणसं व्हरांड्यात ओळीनं बसली आणि दहाच्या सुमाराला एक आजोबा आडवे झाले. अजून कुणाला सुई टोचलीही नव्हती. पाच मिनिटांनी एक बाई डोळे फिरवून भिंतीला टेकली. झालं, कुजबुज सुरू. 'सुई बगूनच माणसं पडाया लागली, टोचल्यावर काय व्हईल?' दोघं-तिघं चपला शोधायला लागले. आशाताईनं आजोबांच्या तोंडावर पाणी मारलं आणि तिचा तो ठरलेला प्रश्न विचारला.

'कायबी न्हाई खाल्लं,' आजोबा म्हणाले. 'कालच्या सांजपासनं पाणीबी न्हाई प्यालो.'

का? तर पौडला साखर तपासायला जातात तेव्हा उपाशीपोटी बोलावतात. सुई म्हटलं की उपाशीपोटी, हे सगळ्यांच्या डोक्यात पक्कं बसलेलं. ओळीतले निम्मे तसेच आले होते. मला हसू आलं. तिला आलं नाही. ती व्हरांड्याच्या मधोमध उभी राहिली.

'ज्यांनी खाल्लं न्हाई त्यांनी उठा. घरी जावा, भाकरी खावा, तांब्याभर पाणी प्या आन मग या. नंबर माज्याकडं हाय, कुणाचा जायाचा न्हाई.'

सरपंचांचे वडीलही त्यात होते. ते म्हणाले, आता आलोच आहे तर घेऊन टाकतो.

'आजोबा, ही रगात तपासायची सुई न्हाई. ही अंगाला कामाला लावती. उपाशी गड्याकडनं तुमी कदी आवणी करून घेतली का?'

आवणी म्हणजे भाताची लावणी. चिखलात कमरेतून वाकून दिवस काढायचा असतो, आणि त्या दिवशी गड्याला पोटभर घातल्याशिवाय आमच्या खोऱ्यात कुणी शेतात उतरवत नाही. म्हातारा निमूट उठला. तासाभरात सगळे ढेकर देत परत आले, आणि त्या दिवशी पुढं एकही माणूस पडला नाही. मी टेबलाशी नावांची यादी लिहीत बसले होते. ह्या पोरीला आपण काठावर पास केली, असं मनात आलं आणि माझी मलाच लाज वाटली.

आत्या मात्र जेवून आल्या होत्या. नाचणीची भाकरी, लसणाची चटणी, वर वाटीभर दही. सिस्टरनं चोळीची बाही वर करायला सांगितली तर त्यांनी दंडावरचे दोन जुने वण दाखवले, रुपयाएवढे, कातडी गोळा झालेले. पूर्वी देवीच्या रोगाची लस टोचायचे त्याचे. त्याला देवी काढणं म्हणायचे.

'हितं काढल्या हुत्या पयल्या,' आत्या म्हणाल्या. 'आता दुसऱ्या बाजूला काढा.'

सिस्टर हसली, मी हसले, ओळीतल्या बायका हसल्या. म्हातारीला वाटतंय देवी काढतायत, असं कुणीतरी म्हणालंसुद्धा. सुई टोचली, अर्धा तास बसल्या, माझा हात धरून घरी आल्या. मला इतकं हलकं वाटलं होतं की मी वाटेत त्यांना लाडानं म्हटलं, आता काही भ्यायचं नाही.

संध्याकाळी मी आमटीच्या फोडणीसाठी कढईत तेल टाकलं, तर आत्या आतून तरातरा आल्या आणि कढईच चुलीवरून खाली उतरवली.

'आजपासनं घरात फोडणी न्हाई. तळण न्हाई, वशाट न्हाई.'

वशाट म्हणजे मटण-मासळी. मला वाटलं, लस घेतली म्हणून म्हातारीच्या डोक्यात काहीतरी पथ्य बसलंय, दोन दिवसांत उतरेल. ह्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या, पण आईपुढं बोलायची त्यांची टाप नाही. आम्ही दोघं बिनफोडणीचं वरण गिळत राहिलो. आठवडाभरात ह्यांना पौडला रोज काहीतरी काम निघू लागलं आणि येताना मिशीला कांदाभज्यांचा वास येऊ लागला.

आत्यांनी स्वतःपुरतं तर मीठही सोडलं. तांदळाची पेज, तीही अळणी, दोन वेळा वाटीभर. आठ दिवस गेले, पंधरा गेले. 'आत्या, बास झालं आता.' 'अजून न्हाई.' 'मग कधीपर्यंत?' 'कळंल की.' रोज सकाळी अंगणात उन्हाला बसून त्या बाही वर सारायच्या आणि दंड बघायच्या, बोटानं चाचपायच्या. दुखतंय का विचारलं तर न्हाई म्हणायच्या. मी चिडले. चिडले म्हणजे चांगलीच चिडले. काढा पुढं केला, नको. बदाम भिजवले, नको. अंडं तर दारातूनच परत. एक दिवस मी म्हटलं, अहो, लस घेतली ती उपाशी मरायला का? माझ्या वहीतली दोन पानं त्यांच्यापुढं मोठ्यानं वाचली, कशात किती ताकद असते ते. त्यांनी पेजेची वाटी उचलली आणि माझ्याकडं पाठ करून बसल्या. पालथ्या घड्यावर पाणी, असं मी ह्यांना म्हणाले. घडा पालथा कुणाचा होता ते नंतर कळलं.

महिना भरत आला आणि एका सकाळी आत्या गोठ्यात पडल्या. शेणाची पाटी हातात होती ती एकीकडं आणि ह्या एकीकडं. ह्यांनी उचललं तर म्हणाले, अगं, अंगात काहीच नाही, पोतं रिकामं झालंय. जीपमध्ये घालून पौडला नेलं. डॉक्टरांनी सगळं तपासून सांगितलं की आजार काही नाही, पोटात अन्न नाही. रक्त उतरलंय. त्यांना जेवू घाला, अंगात जरा बळ येऊ द्या आणि मग दुसरा डोस चुकवू नका, छाती अशी असताना तर मुळीच नाही.

घरी येईतो वाडीत बातमी आमच्या आधी पोचली होती. सुईनं म्हातारी पाडली. ज्यांचा पहिला डोस राहिला होता ते आशाताईला बघून दाराला कडी लावू लागले. त्यातच खालच्या वाडीतली आत्यांच्याच वयाची एक बाई करोनानं आठ दिवसांत गेली. तिची बातमी आली तेव्हा आत्या ओटीवर बसल्या होत्या, आणि मी त्यांच्या श्वासाची घरघर ऐकत आत उभी होते. मला रडू आलं. बाहेर येऊन म्हटलं, आत्या, दुसरी सुई घ्यायचीय तुम्हाला, त्यासाठी तरी खा.

'दुसरी न्हाई घेयाची,' त्या म्हणाल्या. 'पयलीच उठली न्हाई.'

उठली न्हाई म्हणजे काय, हे मी विचारलंसुद्धा नाही. माझं डोकं सणकलं होतं. मी आत जाऊन भांडी आपटली.

दुसऱ्या दिवशी आशाताई आली. वाडीत तिच्याशी कुणी धड बोलत नव्हतं, आणि ते आमच्या घरामुळं, त्यामुळं मला तिच्याकडं बघवेना. ती सरळ आत गेली, पातेल्याचं झाकण उचललं, पेजेत बोट बुडवून चाटून बघितलं आणि अंगणात येऊन आत्यांच्या शेजारी मातीतच बसली. आत्या नेहमीप्रमाणं बाही वर करून दंड चाचपत होत्या. मी महिनाभर ते रोज बघत होते. ती एकदाच बघून म्हणाली, 'आजी, काय हुडकताय?'

'खपली.'

'कसली खपली?'

आत्यांनी तिच्याकडं असं बघितलं की जसं काही हिला एवढंही ठाऊक नाही. 'देवी काढल्या की फोड उठतो. मग त्यो पिकतो, खपली धरती. खपली पडली की पथ्य सुटतं. माजा फोडच उठंना. खपली न्हाई तर पथ्य सोडू कसं?'

मी दारात काढ्याचं भांडं घेऊन उभी होते. सव्वा महिना ही बाई न येणाऱ्या खपलीची वाट बघत अळणी पेज पीत होती. आणि मी तिला बदामातली ताकद वाचून दाखवत होते. मला वाटलं, हे भांडं आपल्याच डोक्यात घालून घ्यावं.

'आन खपली पडायच्या आदीच पथ्य मोडलं तर?' आशाताईनं विचारलं.

आत्यांनी बाही खाली ओढली. मग त्यांनी जे सांगितलं ते ह्यांनाही, त्यांच्या पोटच्या पोराला, माहीत नव्हतं. आत्या सात वर्षांच्या आणि त्यांचा भाऊ तीन वर्षांचा असताना गावात देवी काढणारा माणूस आला. दोघांनाही काढल्या. त्याच दिवशी घरात फोडणी बंद. कारण देवी अंगात आलेली असते, तिला तेलातल्या लसणाचा चरचराट आणि वास सोसत नाही, ती कोपते. पण वडील दिवसभर नांगर धरून घरी आले आणि अळणी कालवण बघून ताट भिरकावलं. आईनं भिऊन वाटीभर आमटीला लसणाची फोडणी दिली. दुसऱ्या दिवशी भावाला ताप भरला. तिसऱ्या दिवशी तो गेला.

'समद्या गावानं सांगितलं,' आत्या म्हणाल्या. 'आयनं फोडणी टाकली, आयनं पोर मारलं.'

मी त्या जागी असते तर काय केलं असतं ते मला चांगलं माहीत आहे. मी अंधश्रद्धेचा धडा काढला असता. आशाताईनं आत्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. मग म्हणाली, 'आजी, ही देवीची सुई न्हाई. ह्या सुईला फोड येत न्हाई आन खपलीबी धरत न्हाई. तुमाला लागायची तशी ती लागली.'

'आन देवी?'

'देवी गेल्या, आजी. मी जन्मायच्या आदीच गेल्या. आता समद्या जगात कुणालाच येत न्हाईत.'

'गेल्या? कुटं गेल्या?'

'टोचून टोचून संपल्या. तुमच्या दंडावर टोचलं, तुमच्यासारख्या समद्यांच्या दंडावर टोचलं, मग त्यांना राहायला जागाच उरली न्हाई.'

आत्यांनी आपल्या त्या दोन वणांवर हात फिरवला. मग माझ्याकडं बघून म्हणाल्या, 'मला कुणी सांगितलं न्हाई.' वर्षानुवर्षं मी वर्गात फळ्यावर तेच लिहीत होते आणि घरी येऊन त्यांनी केलेली भाकरी खात होते. मला खाली बघावं लागलं.

पुढचं तर मी जन्मात विसरणार नाही. मला वाटलं, आता ही म्हणणार की सोडा पथ्य आणि खा अंडी. तसं काही नाही. 'फोडणी तुमाला नको तर नको,' ती म्हणाली. 'पर अळणीचं पथ्य हाय, उपासाचं न्हाई. पाळायचं तर पोटभर पाळा.' आणि तिथंच, मातीत बसल्या बसल्या, बोटांवर मोजत तिनं आत्यांना विचारायला सुरुवात केली. दूध चालतं? चालतं. दही? देवीला तर दहीभातच लागतो. मऊ भातात मुगाची डाळ शिजवली, वर नुसतं तूप सोडलं तर? तुपाला काय व्हतंय. नाचणीची आंबील? चालती. भाजलेले शेंगदाणे आन गूळ? उकडलेलं रताळं? शेवग्याच्या शेंगा नुसत्या उकडून? सगळं चालत होतं. महिनाभर सगळं घरातच होतं, कोनाड्यात, शिंक्यावर आणि म्हशीच्या आचळात. मी पौडवरून किवी आणत होते. पाव घटकेत त्या पोरीनं पथ्याच्या आतून एक अख्खं जेवण काढून ताटात मांडलं, आणि आत्यांचा एक शब्दही खाली पडू दिला नाही. तीस वर्षांच्या मास्तरकीत मला असं एकदाही जमलेलं नाही.

'आन मीठ?' शेवटी तिनं विचारलं. 'फोडच उठायचा न्हाई म्हटल्यावर मीठ कशापायी सोडायचं?'

'घाला चिमूटभर,' आत्या माझ्याकडं न बघता म्हणाल्या.

तिनं मला बाजूला घेऊन बजावलं की एकदम ताट भरू नका, चार वेळा थोडं थोडं द्या, पाणी पाजत राहा. कसला काढा नको आणि कसली पूड नको. खाण्यानं सुई जास्त लागते असं काही नाही, पण रिकाम्या अंगानं ती सोसत नाही. 'आन बाई, त्यांच्याबरोबर तुमीबी तेच खावा,' ती म्हणाली. 'एकटं माणूस पथ्याचं कसं खाईल?' मग आम्ही तिघं तेच खाऊ लागलो. मुगाचा मऊ भात, तूप, दही. ह्यांचं पौडचं कामही बंद झालं. पंधरा दिवसांत आत्यांच्या गालाची हाडं जराशी झाकली. महिन्यानं त्या पुन्हा गोठ्यात जाऊ लागल्या आणि माझ्या शेण काढण्याला नावं ठेवू लागल्या. आवण्या आल्या, तेव्हा बांधावर बसून बायकांना हुकूम सोडण्याइतकं बळ त्यांच्यात आलं होतं. वाडीनं ते बघितलं. कड्या हळूहळू निघू लागल्या.

आवण्या उरकल्यावर दुसऱ्या डोसाचं शिबिर लागलं. सकाळी आत्या दूधभाकरी खाऊन, लुगडं बदलून माझ्याआधी तयार. शाळेत आशाताईनं प्रत्येकाला विचारून विचारूनच आत सोडलं, आणि ताप येईल एखाद दिवस, कुणाला येतो कुणाला नाही, घाबरायचं नाही, असं चारचारदा सांगितलं. आत्यांनी सुई घेतली आणि ह्या खेपेला देवीचं नाव काढलं नाही.

दुपार कलल्यावर त्या चुलीपाशी गेल्या. हुलग्याची आमटी शिजत होती. त्यांनी कढई मागितली, तेल मागितलं आणि लसणाचा गड्डा घेऊन पाकळ्या ठेचायला बसल्या. माझ्या लक्षात आलं तेव्हा तेल तापलं होतं.

'आत्या, आज नको,' मी म्हटलं.

'का?'

काय सांगणार? मी, विज्ञानाची बाई, लसणाच्या फोडणीला भ्यायले होते. आशाताई म्हणालीच होती की ताप येऊ शकतो, आणि आज फोडणी टाकून उद्या ताप आला तर ही म्हातारी त्या तापाला काय समजेल, हेच माझ्या डोळ्यांपुढं आलं. तसं मी बोललेही, चाचरत. 'उद्या टाका. परवा टाका. एवढे दिवस थांबलात ना?'

'उद्या टाकून काय कळंल?' आत्या म्हणाल्या. 'मला बगायचंय.'

त्यांनी लसूण तेलात सोडला. कित्येक महिन्यांनी घरात तो चरचराट झाला आणि तो वास अंगणापर्यंत गेला. ह्यांनी बाहेरून आत डोकावलं आणि माझं तोंड बघून तसेच मागं फिरले. आत्या दोन वाट्या आमटी जेवल्या, भाकरी कुस्करून. मला घास जाईना.

दुसऱ्या दिवशी त्यांचं अंग तापलं. त्या घोंगडीवर भिंतीकडं तोंड करून पडल्या, डोळे उघडे, एक शब्द नाही. मी आशाताईला फोन लावला आणि फोनवरच रडले. ती अर्ध्या तासात आली, शेतांमधल्या चिखलातून, पायांत चपला नाहीत. आत्यांच्या अंगाला हात लावला आणि विचारलं, आज काय खाल्लं. मीच सांगितलं, काही नाही. ती आत गेली, झाकण उचललं, आदल्या दिवशीची आमटी तशीच होती. मी तिला कानात सगळं सांगितलं. ती मग आमटी ऊन करून, भात कालवून घेऊन आली आणि आत्यांच्या उशाशी बसली.

'हीच खायाची?' आत्यांनी विचारलं. सकाळपासूनचे पहिले शब्द.

'हीच. बगायचंय ना तुमाला? मग नीट बगा. उपाशी राहून बगितलं तर कळायचं न्हाई ताप कशाचा.'

आत्या उठून बसल्या. तिनं घास घास भरवला, वर दवाखान्यातली तापाची गोळी दिली, तांब्याभर पाणी पाजलं. निघताना मला म्हणाली, परवा-तेरवा उतरला नाही किंवा दम वाढला तर जीप सांगा, पण उतरेल. आवाज तिचाही घट्ट नव्हता. आपल्या अंगावर आलेलं काम टाकून ती संध्याकाळी परत एकदा येऊन गेली.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी गोठ्यातून आले तर आत्या चुलीपाशी बसल्या होत्या. भाकरी त्यांनीच थापली होती. आमटीचं पातेलं पुसून खाल्लं होतं.

'आज तिसरा दिस ना?' त्यांनी विचारलं.

'हो.'

'हात लाव बरं.'

मी कपाळाला हात लावला, मग गळ्याला, मग पुन्हा कपाळाला. 'ताप नाही, आत्या. उतरला.'

त्यांनी माझा हात काढू दिला नाही. तसाच कपाळावर दाबून धरला, आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी येऊ लागलं. लग्न होऊन मी ह्या घरात आले तेव्हापासून मी त्यांना रडताना बघितलं नव्हतं, मामंजी गेले तेव्हासुद्धा नाही.

'म्हंजी माज्या आयनं न्हाई मारलं त्याला,' त्या म्हणाल्या.

'नाही, आत्या.'

'आन ती बाय मरंस्तवर अळणी खात राह्यली.'